श्रीधरन यांनी नेमकं केलं काय?

कोकण रेल्वेने जाताना उक्षी स्टेशन मागे पडलं की डब्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "आता करबुड्याचा बोगदा." मोबाइलची रेंज जाते, गप्पा आवाजात बुडतात, खिडकीपाशी बसलेली पोरं तोंडाने मिनिटं मोजू लागतात. साडेसहा किलोमीटर. बाहेर उजेडात आलात की भोके स्टेशन, मग रत्नागिरी. रत्नागिरी सोडून निवसरच्या दिशेला लागलं की पानवल नदीवरचा पूल येतो. नदीच्या तळापासून ६४ मीटर, म्हणजे वीसेक मजल्यांची इमारत. पण गंमत अशी की गाडीत बसून यातलं काहीच दिसत नाही. बोगद्यात अंधार असतो आणि पुलावर असताना पूल आपल्याखाली असतो. झाडांचे शेंडे एकदम खाली गेले एवढंच कळतं.

हे सगळं कुणी केलं म्हटलं की नाव निघतं रेल्वे अभियंता ई. श्रीधरन यांचं. पुढे ठरलेली विशेषणं: प्रामाणिक, शिस्तीचे, वेळेचे पक्के, रोज गीता वाचणारे. ती खोटी नाहीत. पण प्रामाणिक आणि वक्तशीर अभियंते या देशात पुष्कळ झाले, त्यांचे पूल तरीही रखडले. प्रामाणिकपणाने खांब उभा राहत नाही. मग या माणसाने वेगळं काय केलं? त्यांच्या कामाविषयी वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पूल बांधण्याआधी ते दर वेळी एक कार्यालय बांधत, आणि त्या कार्यालयात कागद किती दिवस पडून राहील हे खांबाच्या पायाइतक्याच काळजीने ठरवत. ते कसं, हे सोपं करून सांगायचा हा प्रयत्न. मी अभियंता नाही. पण या मार्गावरून तिसेक वर्षं गावी जातोय, तेवढा अधिकार मला असावा.

समुद्रातून काढलेला पूल

एलाट्टुवळपिल श्रीधरन यांचा जन्म १२ जून १९३२ चा, केरळातल्या पालक्काड जिल्ह्यातल्या करुकपुत्तूर गावचा. शाळेत त्यांच्या वर्गात टी. एन. शेषन होते, पुढे मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून गाजले तेच. काकिनाडाच्या सरकारी कॉलेजातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी, कोळिकोडच्या पॉलिटेक्निकमध्ये थोडे दिवस शिकवणं, मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षभर उमेदवारी. मग स्पर्धा परीक्षा आणि १९५४ च्या अखेरीस दक्षिण रेल्वेत नोकरी. दहा वर्षं बदल्यांची, कुणाला नाव माहीत नसण्याची.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री रामेश्वरमच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकलं. धनुष्कोडी गाव जवळजवळ पुसलं गेलं. पांबनहून धनुष्कोडीकडे निघालेली पॅसेंजर गाडी लाटांनी ओढून नेली, त्यात शंभराहून अधिक माणसं गेली. आणि रामेश्वरम बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा १९१४ सालचा पांबनचा रेल्वेपूल मोडला. म्हणजे खांब बहुतेक जागेवर राहिले, पण त्यांच्यावर आडवे टाकलेले लोखंडी गर्डर, सव्वाशेच्या आसपास, समुद्रात पडले.

दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने ठरवले. वरच्या साहेबांनी त्याचे तीन केले. काम आलं बत्तीस वर्षांच्या श्रीधरन यांच्याकडे. नवे गर्डर बनवून आणायचे तर पोलाद, कारखाना, वाहतूक यांतच महिने जाणार. तेवढ्यात स्थानिक कोळ्यांकडून कळलं की वाहून गेलेले गर्डर फार लांब गेलेले नाहीत, समुद्राच्या तळाशी पडले आहेत. मग ठरलं की तेच काढायचे. कोळी बरोबर घेतले, गर्डर उचलायची व्यवस्था जागेवरच तयार केली. पहिले काही काढताना फार वेळ गेला, मग हात बसला. खारं पाणी लागलेलं लोखंड तपासून, दुरुस्त करून, पुन्हा त्याच खांबांवर चढवलं. ४६ दिवसांत पुलावरून गाडी गेली. रेल्वेमंत्र्यांचं बक्षीस मिळालं, एक हजार रुपये.

ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरंच महत्त्वाचं वाटतं. कोळ्याचं ऐकायचं की मुख्यालयातून नवे गर्डर येण्याची वाट पाहायची, हे जागेवरच्या माणसाला ठरवता आलं. संकट एवढं मोठं होतं की नेहमीची पद्धत बाजूला पडली. एरवी "समुद्रातून काढलेले जुने गर्डर वापरावेत का" या प्रश्नाची फाइल मद्रासला गेली असती, तिथून दिल्लीला, तिथून "कृपया तपासून अहवाल द्यावा" असा शेरा घेऊन परत.

नेहमीची पद्धत कशी असते, ते त्यांनी पुढे कलकत्त्यात पाहिलं. १९७० साली देशातल्या पहिल्या मेट्रोच्या आखणीसाठी उपमुख्य अभियंता म्हणून ते तिथे गेले. १९७२ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. पहिली गाडी धावली १९८४ मध्ये, तीही साडेतीन किलोमीटर. सुमारे साडेसोळा किलोमीटरचा मार्ग पुरा व्हायला १९९५ उजाडलं. श्रीधरन आखणीचं काम करून तिथून कधीच निघाले होते. रस्ते वर्षानुवर्षं खणलेले, पैसा दरवर्षी अर्थसंकल्पातून चमच्याने येणारा, गॅस-पाणी-विजेच्या खात्यांची परवानगी प्रत्येकाची वेगळी. अभियांत्रिकीत कलकत्त्याचे लोक कुणाहून कमी नव्हते.

मध्ये कोचीन शिपयार्ड. १९७९ मध्ये ते तिथले प्रमुख झाले, आणि रखडलेलं पहिलं जहाज 'राणी पद्मिनी' १९८१ मध्ये पाण्यात उतरलं. रेल्वेचा माणूस जहाज बांधतो याचं लोकांना तेव्हा नवल वाटलं म्हणतात. मग पश्चिम रेल्वेचे महाव्यवस्थापक, रेल्वे बोर्डाचे सदस्य, आणि जून १९९० मध्ये वयोमानानुसार निवृत्ती. इथवरचं आयुष्य एका मोठ्या रेल्वे अधिकाऱ्याचं. नाव घ्यावं असं सगळं यापुढे, अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर आहे.

कोकणात पैसा आला कुठून

कोकण रेल्वेची मागणी किती जुनी, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत ती लावून धरली, त्यांच्यामागे राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा वाटलं, झालंच. पण गाडी रोह्यापर्यंत यायलाच १९८६ साल लागलं. कारण साधं होतं. रेल्वेच्या अर्थसंकल्पात नव्या मार्गांसाठी जो पैसा असतो तो शंभर ठिकाणी थोडा थोडा वाटला जातो. त्या वेगाने रोह्याहून मंगळूर गाठायला पिढ्या गेल्या असत्या.

१९८९ च्या डिसेंबरात दिल्लीत सरकार बदललं आणि एक योग जुळला. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे. अर्थमंत्री मधु दंडवते. आणि रेल्वे बोर्डात श्रीधरन. तोडगा निघाला तो असा: हे काम रेल्वेने करायचंच नाही. वेगळं महामंडळ काढायचं. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशन नोंदवलं गेलं, कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. श्रीधरन नुकतेच निवृत्त झाले होते, त्यांनाच अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक केलं.

भांडवलाने थोडंच भागणार होतं. उरलेला पैसा रोखे विकून उभा केला. रोखा म्हणजे चिठ्ठीच म्हणा: "आज शंभर रुपये द्या, दरवर्षी एवढं व्याज देतो, अमुक साली मुद्दल परत." या व्याजावर आयकर नसल्याने लोकांनी आणि बँकांनी ते घेतले. कर्ज फेडायचं गाड्या चालवून येणाऱ्या उत्पन्नातून. बांधा, चालवा, कर्ज फेडा आणि मग मालकाकडे सोपवा, अशी ती पद्धत. देशात रेल्वेसारख्या कामाला ती एवढ्या प्रमाणावर आधी कुणी लावली नव्हती.

आता इथे जरा थांबून हिशेब करू, कारण सगळ्या घाईचं मूळ यात आहे. समजा तुम्ही हजार कोटी रुपये १० टक्क्यांनी उचलले. वर्षाचं व्याज शंभर कोटी. दिवसाचं सत्तावीस लाखांहून थोडं जास्त. रूळ पुरा होऊन गाडी धावेपर्यंत उत्पन्न शून्य, व्याज मात्र रविवारीही चढतं. सरकारी खात्यात काम सहा महिने लांबलं तर कुणाच्या खिशातून काही जात नाही. निदान तसं वाटत तरी नाही. इथे मात्र टेबलावर चार दिवस पडलेल्या फाइलची किंमत रुपयांत सांगता येते.

म्हणून श्रीधरन यांच्या कार्यालयांत ते प्रसिद्ध उलटं घड्याळ असे. काम पुरं व्हायला किती दिवस उरले, ते दाखवणारं. रोज सकाळी आकडा एकाने कमी. लोकांना ती शिस्त लावण्याची युक्ती वाटली. मला ते व्याजाचं मीटर वाटतं.

अधिकार खाली ढकलणं

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. श्रीधरन यांनी या पट्ट्याचे साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे सात तुकडे केले, महाडपासून उडुपीपर्यंत. प्रत्येक तुकड्यावर एक मुख्य अभियंता बसवला. त्याला निविदा, खर्च, बदल यांचे पूर्ण अधिकार. बेलापूरला विचारायची गरज अगदी मोठ्या गोष्टींपुरती. त्याचा तुकडा म्हणजे त्याचं राज्य, आणि चुकलं तर उत्तरही त्याचंच.

दुसरी गोष्ट कंत्राटदाराच्या बिलाची, आणि ती ज्यांनी सरकारी काम घेतलंय त्यांना मी सांगायला नको. एरवी बिल टाकलं की मोजमाप, तपासणी, शंका, पुन्हा मोजमाप, लेखापालांचा आक्षेप. तोवर ठेकेदार बाजारातून चढ्या व्याजाने पैसा उचलतो, मजुरांची हजेरी थकवतो, आणि पुढच्या निविदेत हे सगळं आधीच धरून भाव वाढवून टाकतो. श्रीधरन यांच्याकडे उलट चाल होती. बिल आलं की मोठा हिस्सा लगेच द्यायचा, बारीक तपासणी नंतर करून उरलेले द्यायचे. ठेकेदारावर हा उपकार नव्हता. पैसा वेळेत मिळणार हे कळलं की चांगला ठेकेदार येतो, आणि मग त्याला "उशीर का?" असं विचारायला तोंड राहतं.

निवृत्त माणसाभोवती नव्या महामंडळात माणसंही नवी जमली. रेल्वेतून आलेले काही जुने हात आणि कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली बरीच तरुण पोरं. त्यातली कितीतरी आज देशभरच्या मेट्रो आणि रेल्वे प्रकल्पांत वरच्या जागी पोचली आहेत.

डोंगर आडवे, नद्याही आडव्या

कोकणात रस्ता काढणं कठीण का, हे सह्याद्रीवरून खाली पाहिलं की कळतं. नद्या डोंगरात उगम पावून तडक पश्चिमेला समुद्राकडे धावतात. रेल्वे जायची उत्तर-दक्षिण. म्हणजे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मांडवी, जुवारी, काळी, शरावती, प्रत्येकीला ओलांडायचं. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड, ती फोडायची. लहान-मोठे मिळून जवळजवळ दोन हजार पूल आणि नव्वदच्या वर बोगदे झाले. बोगद्यांची एकूण लांबी ८४ किलोमीटरच्या आसपास भरते. सगळ्यात लांब पूल होन्नावरचा शरावतीवरचा, दोन किलोमीटरहून मोठा.

बोगदे कमी करता आले नसते का? आले असते. डोंगराला वळसे घालत, चढ-उतार घेत रूळ टाकायचे. पण श्रीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीलाच ठरवलं की मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखायचा. त्यासाठी वळणाची त्रिज्या किमान १,२५० मीटर आणि चढ जास्तीत जास्त १५० ला १, म्हणजे दीडशे मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटात हाच चढ ३७ ला १ आहे. तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, ते आपण पाहतोच. कोकणातून मालगाडी एका इंजिनाने सरळ निघाली पाहिजे, हा विचार. सरळ आणि सपाट रेषा हवी तर डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल, तिसरा मार्ग नाही.

पानवलचा पूल याच हट्टातून उभा राहिला. एवढ्या उंचीवर पुलाचा पाट टाकायचा तर खालून परांची बांधणं वेडेपणाचं. म्हणून पाट एका टोकाला, जमिनीवरच, तुकड्या-तुकड्याने ओतला आणि जॅकनी ढकलत ढकलत खांबांवरून दरीपलीकडे सरकवला. मागे नवा तुकडा ओतायचा, सगळं पुढे ढकलायचं, पुन्हा नवा ओतायचा. सुरीच्या पात्यासारखा तो पूल दरीवर हळूहळू लांबत गेला. भारतात ही पद्धत पहिल्यांदा इथे वापरली गेली.

काळ्या कातळातले बोगदे तुलनेने सोपे गेले. त्यासाठी स्वीडनहून हायड्रॉलिक यंत्रं आणली होती. भोकं पाडा, सुरुंग लावा, उडवा, मलबा काढा. खरा घाम काढला तो मऊ मातीच्या नऊ बोगद्यांनी. आपल्याकडे विहीर खणणाऱ्याला ही माती माहीत असते. वर जांभा, खाली कातळ, आणि दोन्हींच्या मध्ये शाडूसारखी मऊ, पांढरट-पिवळी माती. कोरडी असताना टिकावाला टणक लागते, पाणी मुरलं की लोण्यासारखी सरकते. बोगद्यात हीच माती डोक्यावर. हातभर पुढे जायचं, लोखंडी कमान उभी करायची, पुन्हा हातभर. पाऊस सुरू झाला की रात्रीत केलेलं सगळं आत ओघळून यायचं. गोव्यातला पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण त्याने सहा वर्षं खाल्ली. बांधकामात जीव गमावलेल्या कामगारांचं स्मारक रत्नागिरी स्टेशनाजवळ आहे. पुढच्या वेळी गाडीला उशीर असेल तर बघून या.

आणि गोवा. तिथे रेल्वे किनारपट्टीने न्यावी की आतल्या भागातून, यावर मोठं आंदोलन झालं. जुन्या गोव्याचा वारसा आणि खाजण शेतीचं नुकसान हे आक्षेप होते. खाजण म्हणजे खाडीकाठी बांध घालून, मानशीतून म्हणजे बांधातल्या झडपेतून पाणी आत-बाहेर खेळवत राखलेली जमीन. शेकडो वर्षांची ती व्यवस्था एका भरावाने बिघडू शकते, त्यामुळे आंदोलकांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. काम काही महिने थांबलं, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग बसला, आणि शेवटी काही बदल करून किनाऱ्याजवळचाच मार्ग कायम झाला. उलटं घड्याळ या काळातही चालूच होतं, व्याजासकट.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण कौतुकाच्या लेखांत ती गाळली जाते. कोकण रेल्वे वेळेत झाली नाही. ठरली होती पाच वर्षं, लागली सात-साडेसात. २६ जानेवारी १९९८ ला पहिली गाडी पूर्ण मार्गावरून गेली. खर्च सुमारे साडेतीन हजार कोटींवर पोचला, मूळ अंदाजाच्या दुपटीहून पुढे, आणि त्यातला मोठा वाटा व्याजाचा. तरीही मुंबई-मंगळूर हे रेल्वेचं अंतर २,०४१ किलोमीटरवरून ९१४ वर आलं. अर्ध्याहून कमी. आमच्या वडिलांच्या पिढीने रातराणी एसटीत गुडघे छातीशी घेऊन काढलेली रात्र ज्यांनी पाहिली, त्यांना दोन वर्षांच्या उशिराचं काही वाटलं नाही.

दिल्लीला आधी शिकलेला धडा

शेवटचे रूळ जोडले जाईपर्यंत श्रीधरन यांच्याकडे दुसरं काम आलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ते दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनचे व्यवस्थापकीय संचालक झाले. साचा ओळखीचा: वेगळी कंपनी, केंद्र आणि दिल्ली सरकार यांचा निम्मा-निम्मा वाटा, जपानकडून सवलतीच्या व्याजाचं मोठं कर्ज. एकाला ५१ आणि दुसऱ्याला ४९ असतं तर दर निर्णयाला मोठ्या भावाची परवानगी लागली असती. सारखा वाटा असल्याने कुणा एकाचं खातं कंपनीवर स्वार होऊ शकलं नाही.

काम १ ऑक्टोबर १९९८ ला सुरू झालं. २४ डिसेंबर २००२ रोजी वाजपेयींच्या हस्ते शाहदरा ते तीस हजारी हा पहिला पट्टा उघडला, आणि दुसऱ्या दिवशी एवढी गर्दी लोटली की व्यवस्था कोलमडायची वेळ आली. ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा २००५ च्या अखेरीस, मुदतीच्या बरंच आधी पुरा. कलकत्त्याच्या साडेसोळा किलोमीटरांशी हे ताडून पाहा. दिल्लीकरांना तेव्हा आणखी एका गोष्टीचं अप्रूप होतं. कामाच्या जागेभोवती निळे पत्रे, आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुऊन मगच त्याला रस्त्यावर सोडणं. चिखल रस्त्यावर आला नाही की लोक तक्रार करत नाहीत, लोक तक्रार करत नाहीत तर नेते मध्ये पडत नाहीत, आणि काम थांबत नाही. चाकं धुण्यातही हिशेब होता.

सगळं त्यांच्या मनासारखं झालं असं नाही. जगभरच्या मेट्रोंप्रमाणे रुळांतलं अंतर १,४३५ मिलिमीटर असावं असं त्यांचं म्हणणं होतं. रेल्वेने आपलं रुंद, १,६७६ मिलिमीटरचं माप लादलं. पहिला टप्पा तसाच झाला, आणि पुढच्या काही मार्गांवर त्यांचं म्हणणं मान्य झालं. म्हणून आज दिल्लीत एकाच मेट्रोची दोन मापं आहेत.

जुलै २००९ मध्ये दिल्लीत जमरूदपूरला बांधकाम चालू असलेला भाग कोसळून कामगार मेले. त्याच दिवशी श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेत राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही आणि त्यांनी तो मागे घेतला. काहींना ते नाटक वाटलं. मला नाही वाटत. मात्र घाईच्या कामात सुरक्षेकडे दुर्लक्ष होतं का, हा प्रश्न राजीनाम्याने मिटत नाही, तो विचारलाच पाहिजे. ते निवृत्त झाल्यावर, २०१२ मध्ये, विमानतळाच्या मार्गावर पुलाखालच्या बेअरिंगांत दोष निघाले आणि गाडी कित्येक महिने बंद ठेवावी लागली. ते बांधकाम त्यांच्याच कारकिर्दीतलं.

एक प्रसंग मात्र त्यांच्या नजरेची धार दाखवतो. २००८ मध्ये हैदराबादची मेट्रो खासगी कंपनीकडे दिली गेली, सरकारकडून मदत घेण्याऐवजी उलट सरकारलाच पैसे देऊ अशी बोली लावून. श्रीधरन यांनी नियोजन आयोगाला पत्र लिहिलं. ज्या धंद्यात जगात कुठे फायदा नीट निघत नाही तिथे कुणी सरकारला पैसे द्यायला निघाला असेल, तर त्याचा डोळा रुळांवर नसून बरोबर मिळणाऱ्या जमिनीवर आहे, असा त्याचा रोख होता. आंध्र सरकारने बदनामीच्या खटल्याची भाषा केली. काही महिन्यांत सत्यम घोटाळा उघड झाला, त्याच घराण्यातल्या मेटास कंपनीचं हे कंत्राट २००९ मध्ये रद्द झालं. व्याजाचा हिशेब ज्याला पाठ आहे त्याला दुसऱ्याच्या कागदावरचा खोटा आकडा लवकर दिसतो.

२०११ च्या अखेरीस ते दिल्लीतून निवृत्त झाले. पद्मविभूषण आधीच, २००८ मध्ये मिळाला होता. मुंबई मेट्रोचा मूळ बृहत् आराखडा दिल्ली मेट्रोनेच, त्यांच्या काळात, करून दिला होता. कोची मेट्रोला त्यांनी मार्गदर्शन केलं. २०२१ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, भाजपच्या तिकिटावर पालक्काडहून विधानसभा लढवली आणि चार हजारांहून कमी मतांनी हरले. त्याच वर्षी सक्रिय राजकारण सोडलं. मतदार म्हणजे काही सात मुख्य अभियंते नव्हेत. राहायला गावाकडे, पोन्नानीत.

उरलेलं बिल

पुन्हा कोकणात येऊ. जो साचा बांधायला इतका उत्तम होता, तो पुढे चालवायला कसा निघाला?

कटिंगचंच पाहा. डोंगर कापताना बाजूची भिंत जितकी उभी ठेवाल तितकी माती कमी काढावी लागते, जमीन कमी घ्यावी लागते, काम लवकर होतं. पण पावसात तीच भिंत खाली येते. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. मग लोखंडी जाळ्या आल्या, उतार कमी केले गेले, पावसाळ्यात वेग उतरवला गेला, रात्रभर बॅटरी घेऊन रुळांवरून चालणारे गस्तवाले वाढले. पावसाळी वेळापत्रक म्हणून आपण जे गृहीत धरतो, त्याचं मूळ इथे आहे. पेडण्याची माती अजून शांत झालेली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्यात भिंत पडली, जुलै २०२४ मध्ये चिखलपाणी आत आलं, आणि दोन्ही वेळा गाड्या दुसऱ्या मार्गांनी वळवाव्या लागल्या.

आणि कर्ज. बांधकामातला बराचसा पैसा उधारीचा असल्याने महामंडळाच्या मिळकतीतून फार वर्षं व्याज आणि फेडच गेली. मुख्य रेल्वेला अर्थसंकल्पातून पैसा मिळतो, कोकण रेल्वेला तसा मिळत नाही. विद्युतीकरण २०२२ पर्यंत झालं, पण दुपदरीकरण रोहा ते वीर, सत्तेचाळीस किलोमीटरच्या आत, एवढ्यावर थांबलं आहे. बाकी सातशे किलोमीटर एकच रूळजोडी. म्हणून भारतीय रेल्वेत विलीन व्हावं अशी मागणी वाढत गेली, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही तिला संमती दिली. रेल्वेच्या खात्यातून बाहेर पडल्यामुळे जी झाली, ती आता वाढण्यासाठी त्याच खात्यात परत जायला निघाली आहे. प्रकल्पात जमीन गेलेल्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्नही तसाच लोंबकळत आहे. श्रीधरन यांच्या साच्यात बांधणीनंतरच्या या गोष्टींना जागा नव्हती. ते त्यांचं काम होतं असंही कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

गेल्या गणपतीत आमची गाडी राजापूरच्या अलीकडे एका छोट्या स्टेशनात पाऊण तास उभी होती. समोरून एक गाडी यायची होती, तिच्या मागून दुसरी. पाऊस लागला होता. मखराचे थर्माकोलचे खोके मांडीवर घेऊन बसलेला एक चाकरमानी खिडकीतून ओरडला, "मास्तर, क्रॉसिंग किती आहेत?" स्टेशन मास्तरांनी हिरवी बावटी काखेत धरून दोन बोटं वर केली, आणि आत चहा प्यायला गेले.